तळव्यावरचं बाळ

मॅडम,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की सोलापूरच्या त्या ओपीडीत तुमच्या खुर्चीवर आता कोण बसतं हेही मला ठाऊक नाही. मी क्योतोहून लिहिते आहे. लिहिण्याचं कारण चांगलं नाही. चांगलं असतं तर लिहिलंच नसतं, हा माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पेपर चांगला गेला की मी तुमच्या खोलीकडे फिरकायचे नाही आणि वाट लागली की जिन्यात गाठायचे. तुम्ही पायरीवर थांबून, चष्मा केसांत सरकवून म्हणायचात, "बोल, काय मोडलंय?" आजही जिन्यातच गाठते आहे असं समजा.

ओसाकात एक मराठी जोडपं आहे, पुण्याचं. तो सॉफ्टवेअरमध्ये, तीही होती, सध्या घरी आहे. त्यांना मुलगी झाली. सुनेची आई हयात नाही, म्हणून बाळंतपणाला सासूबाई आल्या. डिंक, बाळंतशेपा, ओवा आणि तेलाची बाटली प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून. इथल्या त्या डबीएवढ्या न्हाणीघरात आजींनी नातीला रोज पायांवर घेतलं आणि रगडून न्हाऊ घातलं, जसं आपल्याकडे सगळ्यांना घालतात, मला घातलं असेल, तुम्हालाही. मग एके सकाळी बाळाचा दंड सुजला आणि ते हात हलवेना. हॉस्पिटलात नेलं. दंडाचं हाड मोडलेलं. शिवाय बरगड्यांत आणि नडगीत आधी मोडून भरत आलेल्या जागा. अजून कुशीवरही न वळणाऱ्या बाळाची हाडं आपोआप मोडत नाहीत, असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे बालसंरक्षण कार्यालयाला फोन केला. बाळ घरी आलंच नाही. हात जुळल्यावर त्याला हॉस्पिटलातून थेट शिशुगृहात ठेवलं. आईबाप ठरलेल्या दिवशी जातात, एका खोलीत बसून, कार्यालयातल्या बाईंच्या देखत, बाळाला बघून येतात. मॅडम, त्या डॉक्टरांच्या जागी मी असते तर मीही फोन केला असता. हे मी बाळाच्या आईला अजून सांगितलेलं नाही.

मला बोलावलं ते दुभाषी म्हणून. आयुष्य ठिसूळ हाडांच्या पोरांवर घालवलं आणि बोलावलं कशाला, तर मराठी येतं म्हणून. इथं मी डॉक्टर नाही. इथला परवाना मी काढला नाही, प्रयोगशाळेत शिरले आणि तिथलीच झाले. माझ्याकडे उंदीर आहेत, ताटलीत वाढवलेल्या पेशी आहेत, आणि एका प्रथिनाची घडी कुठे चुकते यावर लिहिलेले निबंध आहेत, जे जगात मोजकी माणसं वाचतात आणि त्यातली निम्मी माझ्याशी भांडायला वाचतात. हाडाच्या पेशीला मी नावानिशी ओळखते. पण बाळाला हात लावायचा मला अधिकार नाही.

त्या पहिल्या बैठकीचं सांगते. हॉस्पिटलातली छोटी खोली, गालिचा घातलेला. बालरोगाचे मोठे डॉक्टर, म्हणजे इथल्या भाषेत सेन्सेई, कार्यालयातल्या बाई, आईबाप, आजी आणि मी. सेन्सेई माणूस वाईट नाहीत, थकलेले आहेत. त्यांनी एक कापडी बाहुली पुढे केली आणि मला म्हणाले, "आजींना विचारा, बाळाला अंघोळ कशी घालत होत्या ते दाखवतील का?" मी विचारलं. पुढे काय दिसणार हे मला ठाऊक होतं, तरी विचारलं. आजींचा चेहरा उजळला. किती दिवसांनी कुणीतरी त्यांना येणारी गोष्ट विचारली होती. त्या खुर्चीवरून उठल्या, गालिच्यावर पाय पसरून बसल्या, पदर खोचला, बाहुली नडग्यांवर आडवी घेतली. आणि मग सुरू झाल्या. तेल चोळलं. छातीवरून दोन्ही हात उलटसुलट फुली मारून ओढले. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला. गुडघे पोटाशी दाबले. पालथं करून पाठ रगडली. शेवटी एका हातानं दोन्ही घोटे धरले आणि बाहुली उलटी टांगून झाडली. "असं केलं की अंग मोकळं होतं, बाळ उंच होतं," त्या मला म्हणाल्या.  कार्यालयातल्या बाईंचं पेन तेवढं चालू होतं. सून खिडकीकडे बघत होती. आणि आजी माझ्याकडे बघून विचारतात, "नीट सांगितलंस ना गं सगळं? नाक ओढायचं राहिलं."

मी नीट सांगितलं. शब्दन्शब्द. मग माझ्या पदरचं सांगितलं की आमचा अख्खा प्रांत असाच झाडून वाढलाय, धडधाकट बाळाचं हाड यानं मोडत नाही. मोडलं असेल तर हाडातच काहीतरी कमी आहे, ते शोधा. सेन्सेईंनी मान हलवली आणि अगदी अदबीनं विचारलं, "या मालिशबद्दल काही अभ्यास झालेला आहे का?" मी काय सांगणार, कप्पाळ. कोट्यवधी पोरं न्हाऊन निघाली आणि कुणी मोजलं नाही. जे घरोघर चालतं त्याचा अभ्यास कोण करतो? त्या क्षणी मला तुमची इतकी आठवण आली की मी पाणी प्यायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

तुम्ही असतात तर बाळाकडे आधी बघितलंच नसतं. आईला म्हणाला असतात, "तू कशी उचलतेस दाखव." आपल्या वॉर्डात ठिसूळ हाडांची पोरं यायची, उस्मानाबादहून, विजापूरकडून, कुणीतरी जुन्या साडीच्या घडीवर ठेवून आणायचं, आणि तुम्ही अर्धा वेळ नुसत्या आयांच्या हातांकडे बघत बसायचात. मला ते वेळकाढूपणा वाटायचं. एकदा एका बापाला मी सांगून टाकलं की यावर काही करता येत नाही. त्या वेळी खरंच फारसं काही नव्हतं, मी खोटं बोलले नव्हते. तुम्ही सगळ्या राउंडसमोर थांबलात. "करता येत नाही हे वाक्य तुला कुणी शिकवलं? माझ्या वॉर्डात तर नाही. रविवारी घरी ये."

मला वाटलं घरी बोलावून झाडणार. तुम्ही मला स्वयंपाकघरात नेलंत आणि परातीसमोर बसवलंत. ज्वारीचं पीठ, गरम पाणी. "थाप." मी पुण्याची, पोळ्या लाटणारी, माझी भाकरी परातीत कशीबशी पसरली आणि उचलायला गेले तर बोटं आरपार गेली. दुसरी तशीच. तिसरीचा नकाशा झाला. तुमच्या यजमानांनी दारातून डोकावून विचारलं, "आज पिठल्याबरोबर तुकडे का?" तुम्ही हसला नाहीत. परात जराशी कलती केलीत, भाकरी आपसूक सरकली आणि तुमच्या तळव्यावर येऊन बसली, पूर्ण, कुठेही ताण नाही. "बोटांनी उचलायला जातेस ना, तिथं तुटते. बोट म्हणजे टोक. तळवा खाली घाल आणि वाट बघ, ती स्वतः येते. आता हेच उद्या त्या बापाला शिकव. घोटे धरून पाय वर करायचे नाहीत, काखेत हात घालायचा नाही. सरकवायचं आणि तळव्यावर घ्यायचं. हे करता येतं की नाही?" मी शिकवलं. मग मी सगळ्यांनाच शिकवत राहिले. जपानला निघाले तेव्हा तुम्ही तीच परात माझ्या हातात दिलीत, नवी आणून नाही, तीच, बुडाला काळी झालेली. विमानतळावर तिच्यापायी माझी बॅग उघडायला लावली. ती अजून वापरात आहे, ज्वारीचं पीठ इथं मागवावं लागतं एवढंच. माझी मुलगी भाकरीला नाक मुरडते आणि जपानीत काहीतरी पुटपुटते, पण तीही तळव्यावरच घेते.

तर बाळाची जनुकं तपासली. आम्ही सगळे त्या अहवालावर डोळे लावून बसलो होतो. हाडाला बांधून ठेवणारं जे प्रथिन असतं, त्याच्या जनुकात एक बदल सापडला. एकच अक्षर वेगळं. आणि पुढे लिहिलेलं, 'अर्थ अनिश्चित'. म्हणजे हा बदल रोगाचा असेल, किंवा आपल्या लोकांत असाच असणारा निरुपद्रवी बदल असेल. सांगता येत नाही, कारण तुलना करायला जगाच्या साठ्यात आपली माणसं फारशी नाहीतच. आईबापांचंही तपासलं. बापात तोच बदल आहे, आणि त्याचं आयुष्यात एकही हाड मोडलेलं नाही. काही घरांत एकाच बदलानं एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याची हाडं काचेची होतात, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, सेन्सेईंनाही माहीत आहे. पण कागदावर ते बाळाच्या विरुद्ध गेलं. या रोगात डोळ्यांचे पांढरे भाग निळसर दिसतात, बाळाचे स्वच्छ आहेत, आणि एक्स-रेवर हाडाची जाडी बरी. तुम्ही म्हणायचात, "या पोरांचं रक्त कुणीतरी साठवा गं, पुढं लागेल." कोण साठवणार होतं? फ्रिज नीट चालत नव्हता. मी त्याचसाठी म्हणून परदेशी आले आणि एका उंदरात अडकले. आज ती रक्तं असती तर एका दुपारचं काम होतं. मॅडम, मला रडूही येत नाही, नुसता संताप येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

आता पुढचं ऐका. ज्याच्या हाडांवर संशय आहे ते बाळ शिशुगृहात आहे आणि तिथल्या मुली रोज त्याचे लंगोट बदलणार, घोटे धरून, पाय वर करून, जसं सगळं जग बदलतं. मला ते सहन होईना. मी कार्यालयातल्या बाईंच्या मागे हात धुऊन लागले. त्या म्हणाल्या, निदान नसताना खास सूचना देता येत नाही. मी म्हटलं, सूचना नको, मला फक्त दाखवू द्या. शेवटी परवानगी मिळाली. शिशुगृहातल्या सगळ्या परिचारिका गोळा झाल्या, तरुण, हसऱ्या, ॲप्रनवर ससे. भाकरी त्यांना कशी सांगू? मी जाताना तोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, घेऊन गेले होते, रेशमासारखा मऊ, पाण्यात बुडवलेला. विचारलं, "हा पाण्यातून कसा काढता?" सगळ्यांनी एकदम तळवा पुढे केला. इथं प्रत्येकीच्या आईनं तोफू तळव्यावर घेऊन कापलेला असतो. मी म्हटलं, "बाळालाही तसंच." बस. पुढे काही सांगावंच लागलं नाही. जपानी माणसाला एकदा पद्धत पटली की तो तिच्यात कसूर करत नाही. त्या दिवसापासून शिशुगृहात ते बाळ तळव्यावर उचललं जातं, सरकवून, वाट बघून, कुणी बघत असो नसो. परतीच्या गाडीत मी किती खुशीत होते. वाटलं, मॅडमचा हात इथपर्यंत आणला.

करायला गेले गणपती, झाला मारुती. परवा बैठक झाली. कार्यालयातल्या बाईंनी आपल्या मऊ आवाजात मुद्दा मांडला: बाळ घरी होतं तेव्हा हाडं पुन्हा पुन्हा मोडली. घरातून काढल्यापासून एकही नवीन फ्रॅक्चर नाही. ही बाब महत्त्वाची मानावी लागते. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी सांगितलं, अहो, मोडत नाही कारण मी उचलायला शिकवलं. सेन्सेई म्हणाले, "कदाचित. पण मग तुमचं म्हणणं चूक की बरोबर, हे आपण ठरवायचं कसं?" शिशुगृहात एखादं हाड मोडलं असतं तर घरावरचा संशय फिटला असता, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. पुढच्या आठवड्यात निर्णय आहे. बाळ घरी देणार नसतील तर शिशुगृहातच ठेवतील, नाहीतर सांभाळायला दुसऱ्या कुटुंबाकडे देतील, आणि मग वर्षं जातात. निदान नाही म्हणून हाडांना बळ देणारं औषधही सुरू होत नाही. उचलायला शिकलेली मुलगी कधीतरी नोकरी सोडेल, नवी येईल, आणि बाळ एकदा का रांगायला लागलं की नुसता तळवा पुरणार नाही.

मी बैठकीनंतर त्यांच्या घरी गेले होते. सून आतल्या खोलीत दूध काढत होती. अजून काढते, बाटल्यांत भरून शिशुगृहात नेते. नवरा ऑफिसच्या कॉलवर. आजी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या, हात मांड्यांखाली दाबून. मुलानं मला आधीच सांगितलं होतं, त्या हल्ली कणीक मळत नाहीत, भांडी घासत नाहीत, हातच पुढे करत नाहीत. मला बघून म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, एक कर. त्यांना सांग, म्हातारीनं केलं. मुद्दाम केलं म्हण पाहिजे तर. माझा व्हिसा तसाही संपतोय, मी जाते, मग त्यांना घरात भीती राहणार नाही. पोर आईला देऊन टाकतील." मी म्हटलं, "आणि तुम्ही गेल्यावर पुन्हा मोडलं तर? तेव्हा कुणाचं नाव सांगायचं? तिच्या आईचं?"  मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मोडलं तरी आपणच, नाही मोडलं तरी आपणच." इकडे आड तिकडे विहीर हे मी आयुष्यात कितीदा वापरलं असेल, पण त्या बाईंच्या तोंडून निघालेलं वाक्य मला जास्त लागलं. आतून सुनेनं हाक मारली, "आई, चहा टाका ना." किती दिवसांनी ती सासूशी बोलली कुणास ठाऊक. आजी उठल्या, चहा टाकला, कप मात्र मला उचलायला सांगितले.

आज सूनबाईबरोबर मी शिशुगृहात गेले होते, दुभाषी म्हणून. भेटीची वेळ व्हायची होती. आम्ही काचेबाहेर उभ्या होतो. आत एक नवीन मुलगी होती, मी कधी न पाहिलेली, तोफूच्या दिवशी नसलेली. बाळाला लंगोट बदलायच्या टेबलावर ठेवलेलं. तिनं लंगोट सोडला आणि सवयीनं, सगळं जग करतं तसा, एक हात दोन्ही घोट्यांकडे नेला. सूनबाई फोनमध्ये बघत होती, नवऱ्याला उत्तर देत होती. मी एकटीच बघत होते. काचेवर टकटक करायला माझ्या बोटाला कितीसा वेळ लागतो? माझा हात पर्सवर होता. तो तिथेच राहिला. त्या मुलीनं घोटे धरले, आणि धरल्याधरल्या थांबली. भिंतीकडे बघितलं. तिथं कुणीतरी चित्र काढून लावलंय, तळव्यावर तोफू आणि शेजारी तळव्यावर बाळ. तिनं हात सोडला, बाळाला हळूच कलतं केलं, तळवा खाली घातला, वाट बघितली. बाळ आपसूक आलं. पाय झाडून हसलंसुद्धा. सूनबाईनं तेवढ्यात मान वर केली आणि म्हणाली, "ताई, किती छान घेतात ना."

मी हो म्हटलं. तुमचा तळवा होता तो, मॅडम, जसाच्या तसा. अभिमान वाटायला हवा होता.

हे पत्र कुठे टाकणार? परातीखाली ठेवते. तुम्हाला जिन्यात गाठलं असतं तरी हे शेवटचं वाक्य तिथं मला बोलता आलं नसतं. बाळ अलगद तिच्या तळव्यावर आलं आणि मला हायसं वाटलं नाही. मला वाईट वाटलं.